तिसरी हाक

दिव्यानी: कार्टून नोका म्हनू, बाबा. ॲनिमे म्हनतेत त्याले. अन् पुरा एपिसोड नाई पाहाचा तुमाले, फक्त हे शेवटचं पाहा. हा डोंग्यातला मानूस दिसते ना, हा हिरो होय.

हेमराज: हिरो? अंगात धड सदरा नाई याच्या.

दिव्यानी: तेच त गंमत आहे. नावाडी होय तो. इसाकू नाव. बाकीच्यायपाशी तलवारी आहे, आग फेकाची विद्या आहे, उडनारे घोडे आहे. याच्यापाशी एक डोंगा अन् एक वल्हं.

हेमराज: हळू बोल.

दिव्यानी: हळू काऊन? वावरात कोन आहे आयकाले? म्हनून त इथी आली मी याचे डायलॉग आपल्या बोलीत रेकॉर्ड कराले. घरी बसली त एकीकडे धानाची मशीन, दुसरीकडे मंडईच्या जत्रेचा भोंगा. परवा अंकुशनं हिरोचा डायलॉग टाकला अन् मागून आवाज आला, आकाशपाळण्याचे तिकीट इकडे भेटतील.

आशाबाई: दिव्यानीऽऽ! आहे का वोऽऽ!

दिव्यानी: ओऽऽ! आहो मोठी माय! ... पाहा. पाच मिनिटं झाले नाई, आली हाक. गवत कापते का आमची हजेरी घेते?

आशाबाई: अन् भाऊजी आहे का राखनीच्या माळ्यावर?

दिव्यानी: आहेत! डबा वाजवा ना, बाबा. ... आयकला का डबा?

आशाबाई: आयकला! तुझ्या बापाच्या तोंडात जीभ आहे का नाई वो? चार वर्सं झाले, डब्यानंच बोलून राह्यला मानूस!

दिव्यानी: तू काप ना मोठी माय तुझं गवत!

आशाबाई: कापून राह्यली! पन ध्यान ठेव, तीन हाकांत ओ नाई आली त मी येईन नाल्यातून! त्या फोनात डोकं घालून बसशील तू, अन् मी मरीन इकडे घोर करून!

दिव्यानी: नोको येऊ नाल्यातून! फॉरेस्टवाल्यायनं काय सांगतलं काल?

आशाबाई: मले नोको शिकवू! नाल्यात वाघाचे पंजे पाह्यले ते मीच पाह्यले पह्यले!

दिव्यानी: मंग ओ देतो ना मी! काप तू!

हेमराज: तिले बोलू नोको असं. हाक मारते ते बरोबर करते.

दिव्यानी: मी कुठी म्हनलं चूक करते? तुमी बी एखादी ओ द्या ना मंग. दिवसभर टिनाचा डबा बडवता. पोपट बी नाई भेत आता त्याले.

हेमराज: डब्यानं काम होते.

दिव्यानी: माझं नाई होत. मले आवाज पायजे. बाबा, एक वाक्य. एकच. तीन शब्द.

हेमराज: अंकुश करते ना तुझं.

दिव्यानी: अंकुशचं बोलनं चालते. ओरडनं नाई चालत. मागच्या एपिसोडले लोकायनं खाली काय लिवलं माहीत आहे? हा हिरो होय का बकरी? अन् या एपिसोडात सगळं त्या एका हाकेवर आहे. झाडीच्या बोलीत जपानी ॲनिमे, अख्ख्या जिल्ह्यात माझं एकटीचं चॅनल आहे, बाबा. हा एपिसोड लागला ना त लागला.

हेमराज: दुसऱ्या कोनाले विचार. वडश्याले नाटक कंपन्यायत ढीगभर नट पडले आहेत.

दिव्यानी: तुमच्यासारखा नाई पडला. परवा बसमधी आरमोरीचा एक म्हातारा बसला होता बाजूले. नाव विचारलं त म्हने, तू हेमराज भोयरची पोरगी? म्हने, एका मंडईले लाईट गेली, माईक गेला, पाच हजार मानूस बसलं होतं अन् तुझा बाप बिनमाईकचा चार अंक खेळला. शेवटच्या रांगेत म्हने मी तनसावर बसलो होतो, मले कुजबुज बी आयकू आली.

हेमराज: लोक वाढवून सांगतेत.

दिव्यानी: खोटं होय का?

हेमराज: चार नाई, दोन अंक. मंग लाईट आली.

दिव्यानी: पाहा! आलं ना ओठावर हासू. करा ना, बाबा. वाक्य आहे, मी इथीच आहो. बस्.

हेमराज: कोनाले म्हनते तो?

दिव्यानी: कोन?

हेमराज: हा तुझा नावाडी. मी इथीच आहो हे कोनाले म्हनते? दूर आहे का जवळ आहे ते मानूस? दिसते का नाई दिसत? भेलेला आहे का चिडलेला? तीन शब्द म्हने. तीन शब्दायले काय होते. मनात काय आहे हे समजल्याबिगर ओरडलं त नुसता गोंगाट होते.

दिव्यानी: म्हनजे करता?

हेमराज: मी विचारून राह्यलो.

दिव्यानी: बरं, सांगतो. आयका. एक नदी आहे. वैनगंगेपेक्षा मोठी, अन् बाराही महिने धुक्यानं भरलेली. पानी दिसतच नाई. त्या धुक्यात राक्षस राह्यतेत. त्यायले तोंड नाई, डोळे नाई, नुसतं धुकं गोळा होते अन् मानूस गायब. राजाची फौज पार होऊ शकली नाई, जादूगार बुडाले. पन हा इसाकू रोज सतरा खेपा करते अन् त्याचा एक बी मानूस मेला नाई आजपर्यंत.

हेमराज: कसा काय?

दिव्यानी: ते त्याले बी माहीत नाई. त्याले वाटते आपलं नशीब चांगलं आहे. खरं काय आहे, तो चार वल्हे मारले की ओरडते, मी इथीच आहो. त्याचा बाप ओरडे म्हनून तो ओरडते. दुसरा डोंगा आपल्यावर येऊन आदळू नये म्हनून. पन त्याचा आवाज जिथवर जाते ना, तिथवर राक्षस येऊच शकत नाई. ते त्याचं पॉवर होय. सगळ्या राज्यात सगळ्यात मोठं पॉवर, अन् त्या बह्यताडाले पत्ताच नाई.

हेमराज: कोनीच सांगत नाई त्याले?

दिव्यानी: कोनालेच माहीत नाई. फक्त पाहानाऱ्याले माहीत आहे. म्हनून त छातीत धडधड होते. आता या सातव्या एपिसोडात काय होते, रानीचा सेनापती बसते याच्या डोंग्यात. पलीकडे लढाई आहे. तो म्हनते, तुझ्या बोंबलन्यानं दुश्मन सावध होईन. आजच्या दिवस तोंड बंद ठेव. इसाकू म्हनते, बरं जी. मोठ्या मानसाचं काम आहे, एक दिवस नाई ओरडलं त काय होते.

हेमराज: मंग?

दिव्यानी: मंग याच्या मागच्या डोंग्यात याची बायको आहे. भाकरीचं गाठोडं घेऊन एकटी वल्हवून राह्यली. तिले रोज त्याच्या आवाजावरून समजे कुठी जायाचं. आज आवाजच नाई. ते हाक मारते, कुठी आहा? हा चूप. आयकू येते त्याले, पन चूप. ते दुसरी हाक मारते...

हेमराज: बंद कर ते.

दिव्यानी: आयका त. मस्त सीन आहे.

हेमराज: बंद कर म्हनलं ना. कोनं सांगतलं तुले हे?

दिव्यानी: काय कोनं सांगतलं?

हेमराज: वयनीनं सांगतलं? तिले कसं माहीत?

दिव्यानी: मोठी माय ॲनिमे पाह्यते का? तिकडे जपानात कोनीतरी बसून लिवलं, मी फोनात पाह्यलं. झालं काय तुमाले? बाबा?

हेमराज: पुढं काय होते?

दिव्यानी: बंद कर म्हनता, अन् पुढं काय होते म्हनता.

हेमराज: सांग.

दिव्यानी: ते... धुकं तिले घेऊन जाते. गाठोडं तेवढं तरंगत येते. मंग हा ओरडते. तेच वाक्य, मी इथीच आहो. अन् असा ओरडते की सगळी नदी साफ होते. या काठापासून त्या काठापर्यंत. पह्यल्यांदा पानी दिसते लोकायले.

हेमराज: तवा समजते त्याले?

दिव्यानी: नाई. तवा बी नाई. त्याले वाटते ऊन निघालं म्हनून धुकं गेलं.

हेमराज: चांगलं आहे.

दिव्यानी: काय चांगलं आहे? मी रडली तिथी.

हेमराज: नाई समजलं तेच चांगलं झालं त्याच्यासाठी. ज्याले समजते त्यानं मंग काय करावं, हे नाई दाखवत तुझ्या कार्टूनात.

आशाबाई: दिव्यानीऽऽ!

दिव्यानी: ओऽऽ! आहो! ... बाबा, इकडे पाहा. काय म्हनून राह्यले तुमी?

हेमराज: त्या दिवशी तू कुठी होती?

दिव्यानी: कोन्या दिवशी? आई गेली त्या दिवशी? गडचिरोलीले, होस्टेलात. मोठी मायचा प्रफुलदादा घ्याले आला होता मले. तुमाले माहीत नाई का?

हेमराज: अन् काय सांगतलं तुले लोकायनं?

दिव्यानी: तुमीच सांगतलं. आई नाल्याकडे गवत कापे, तुमी पार त्या टोकाले होते, वारा सुटला होता, तुमाले काई आयकू नाई आलं. पंचनाम्यात बी तसंच आहे.

हेमराज: पंचनाम्यात मी सांगतलं तेच लिवलं त्यायनं. त्या रात्री मंडईचं नाटक होतं माझं. आठवते?

दिव्यानी: हो. राजाचं काम होतं.

हेमराज: नाटकाच्या दिवशी मी कसा राहो?

दिव्यानी: मुके. सकाळपासून. घसा राखाले. तोंडात जेठमध धरून, माझ्या जुन्या पाटीवर लिवून देत होते. चहा. पंचा. साबन कुठी ठेवलं. अन् आई म्हने, लोकायची बायको राजाची रानी होते, मी दर मंडईले मुक्याची बायको होतो.

हेमराज: त्या दिवशी बी म्हनली. भाकरी बांधता बांधता. मी टोकाले नव्हतो, दिव्यानी. इथी होतो. याच माळ्याखाली, भारे बांधून राह्यलो होतो.

दिव्यानी: इथी?

हेमराज: इथी. तिची पह्यली हाक आली. साफ आयकू आली. वारा तिकडून इकडे होता. मी विळ्याच्या मुठीनं या खांबावर ठोकलं. टक टक. इथी आहो म्हनून. पन वारा तिकडून इकडे, तिची हाक मले येत होती, माझी टकटक तिले जात नव्हती. हे मले तवा नाई सुचलं.

दिव्यानी: मंग?

हेमराज: मंग दुसरी आली. पुन्हा ठोकलं.

दिव्यानी: ओरडले काऊन नाई?

हेमराज: घसा बसला होता दोन दिवसापासून. तिसऱ्या अंकात राजाचा पोरगा मरते अन् राजा एक हाक मारते त्याले. लोक त्या एका हाकेसाठी बैलबंड्या जुतून येत. वीस कोसावरून. मी म्हनलं, आता ओरडलो त रात्री आवाज फाटन. एक ओ होती, बेटा. एवढीशी. तिनं काई फाटला नसता.

दिव्यानी: तिसरी?

हेमराज: तिसऱ्या हाकेत तिनं माझं नाव घेतलं. जनमात नाई घेतलं कदी. दिव्यानीचे बाबा, दिव्यानीचे बाबा, असंच म्हने. तिसऱ्यांदा म्हनली, हेमराज. मले वाटलं चिडली. हासू आलं मले. म्हनलं, आता जेवाले बसलो की पाटीवर लिवून चिडवीन तिले.

दिव्यानी: बाबा...

हेमराज: ते चिडली नव्हती, ते भेली होती. माझ्यासाठी. तीन हाका गेल्या अन् ओ नाई आली त मानूस पाहाले जाव लागते, हे आपल्या गावात लहान लेकराले माहीत आहे. ते मले पाहाले निघाली. मले काई झालं म्हनून. अन् धुऱ्यानं, बांधावरून फिरून आली नाई, लवकर पोचाव म्हनून नाल्यातून सरळ निघाली.

दिव्यानी: बस करा.

हेमराज: गवत हाललेलं दिसलं मले. दोन जागी हाललं. मंग एकाच जागी. तवा मी आवाज काढला. सकाळपासून राखलेला. तुझ्या आईले हाक मारली, साधनाऽऽ म्हनून. तसा आवाज मी स्टेजवर बी कदी नाई काढला. तुझी मोठी माय गावात अंगनात बसली होती, तिले तिथी आयकू आला. अन् वाघ उठून गेला, दिव्यानी. एका हाकेत. तिले तिथीच टाकून, मांजरीवानी मान खाली घालून गेला. एवढा आवाज होता माझ्यापाशी. अन् मी तो रात्रीसाठी ठेवला होता.

(फोनवरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत असतो.)

हेमराज: ते सुरू आहे का? खोडून टाक.

दिव्यानी: तीनही आयकल्या तुमी?

हेमराज: तीनही.

दिव्यानी: मी वाऱ्याले शिव्या देल्या, बाबा. चार वर्सं. कॉलेजात कोनी विचारलं की सांगो, बाबाची काई चूक नाई, वारा होता. रात्री झोप नाई आली की त्या वाऱ्याले शिव्या देवो. वाऱ्याले.

हेमराज: मले दे आता.

दिव्यानी: तुमाले द्यावं काय? मले शिव्या बी नाई सुचून राह्यल्या.

हेमराज: म्हनून बोलत नाई मी मोठ्यानं. आवाज काढला की तोच निघन असं वाटते.

दिव्यानी: म्हनून डबा.

हेमराज: म्हनून डबा.

आशाबाई: दिव्यानीऽऽ! आहे का वोऽऽ!

हेमराज: दे ओ. ... दिव्यानी, ओ दे तिले.

दिव्यानी: तुमी द्या.

हेमराज: माझ्याच्यानं नाई होत. दे ना बेटा, पह्यली गेली.

दिव्यानी: मोजता येतेत तुमाले.

हेमराज: डबा कुठी आहे? तुझ्यापाशी आहे का? दे इकडे.

दिव्यानी: नाई देत. डबा नाई, खांब नाई, टकटक नाई.

हेमराज: अव, काल पंजे दिसले त्या नाल्यात! समजत नाई का तुले?

दिव्यानी: समजते. वारा पाहा, बाबा. आता फिरला, त्या दिवशीवानी तिकडून इकडे आहे. डबा इथी वाजन अन् इथीच राह्यन.

आशाबाई: वो पोरीऽऽ! आयकू नाई येत काऽऽ!

हेमराज: दुसरी. दिव्यानी, मी पाया पडतो तुझ्या. तिचा काय दोष आहे?

दिव्यानी: आईचा काय होता?

हेमराज: तिले धड पळता बी येत नाई. गुडघे गेले तिचे.

दिव्यानी: मी नाई ओरडत. मी ओरडली त उद्या बी मीच ओरडीन, परवा बी. अन् मी कॉलेजले गेली की तुमी डबा वाजवत बसान अन् ते इकडे घोर करून मरन. एका दिवशी ते बी निघन पाहाले. तुमाले. तिसरी बाकी आहे, बाबा.

हेमराज: घशातच येत नाई... पाह्य ना... काईच येत नाई...

आशाबाई: भाऊजीऽऽ! अवो हेमराजभाऊऽऽ!

हेमराज: व... वयनी... वयनीऽऽऽ! मी इथीच आहोऽऽऽ!

दिव्यानी: अजून एकदा, बाबा!

हेमराज: वयनीऽऽ! आयकू आलं काऽऽ! नाल्यात नोका उतरू! मी इथीच आहोऽऽ!

आशाबाई: ... कोन होय?

हेमराज: मी होय! हेमराज!

आशाबाई: भाऊजी? ... बरं. बरं जी. निघालीच होती मी पाहाले. एक पाय टाकला होता नाल्यात.

हेमराज: काढा तो पाय! धुऱ्यावर उभ्या राहा! तुमी नोका येऊ, मी येतो तिकडे! बोलत बोलत येतो!